बोनेटखालचा दसरा

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी, सकाळी सातलाच, भिवपुरीतल्या आमच्या अंगणात गाडीचं बोनेट उघडायचं. डालड्याच्या रिकाम्या डब्यात रॉकेल, बाजूला आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि ओट्यावर पसरलेलं आदल्या आठवड्याचं वर्तमानपत्र. त्या वर्तमानपत्रावर अण्णा, म्हणजे माझे वडील, पेन्सिलीनं वर्तुळं काढत, वर्तुळात आकडे घालत आणि इंजिनावरून निघालेला एकेक नट आपापल्या वर्तुळात नेऊन ठेवत. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार पाने दाबून ठेवलेले. नटांची ती पंगत बसली की मगच चहा.

गाडी म्हणजे फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1976 ची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, आमच्याकडे कल्याणहून आलेली, सेकंडहँड. पण पद्मिनी असं तिला घरात कुणी म्हटल्याचं आठवत नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि सत्तरच्या दशकात नाव बदललं तरी आमच्या पिढीच्या तोंडात फियाट बसलं ते बसलंच. चार सिलिंडरचं 1089 सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर. बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा असे की हात कोपरापर्यंत आत जायचा आणि खाली पडलेला नट जमिनीवर टणकन वाजायचा.

आज माझ्या दारात जी रोजची गाडी उभी आहे तिचं बोनेट मी चार वर्षांत मोजून पाच वेळा उघडलं असेल, तेही काच धुण्याचं पाणी भरायला. उघडलं की समोर काळ्या प्लास्टिकचं एक मोठं झाकण. इंजिन त्याच्या खाली कुठेतरी आहे. चार वर्षांत कुठे गंज नाही, तेलाचा थेंब नाही. पहाटे किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते. फियाटला पावसाळ्यात चोक ओढून, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून, कोरड्या फडक्यानं पुसून विनवावं लागायचं. कामावर वेळेत पोचायचं असेल तर कुठली गाडी हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण त्या प्लास्टिकच्या झाकणाला रंगवणार काय?

दर दसऱ्याला इंजिनाला रंग लागायचा तो काही निव्वळ हौसेनं नव्हे. भिवपुरी एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची मुख्य रांग यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथला पाऊस ताडपत्रीला जुमानत नाही. चार महिन्यांनी ताडपत्री काढली की बॅटरीच्या ट्रेवर हिरवट-पांढरा फुलोरा, रेडिएटरच्या पट्ट्यांवर तांबूस पापुद्रे आणि एअर क्लीनरच्या डब्यावर गंजाचे ठिपके ठरलेले. ट्रेवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतायचा, तो ॲसिडवर फसफसून शांत झाला की तारेच्या ब्रशनं घासायचं, मग रेड ऑक्साइडचं अस्तर, वर ब्लॅक जपानचे दोन हात. बॅटरीच्या टर्मिनलना शेवटी व्हॅसलीन. खंडेनवमीला घरातल्या पान्या-पकडींबरोबर गाडीचीही पूजा व्हायची, आणि गंजलेल्या यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही हा अण्णांचा नेम होता.

अण्णा विजेच्या केंद्रात नोकरीला. भिवपुरीचं जलविद्युत केंद्र 1922 पासून चालू आहे. आंध्रा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला, इंद्रायणीकडे जाणारं. ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, कड्यावरून पश्चिमेला खाली सोडलं, आणि यंत्रं फिरवून झाल्यावर तेच पाणी राजनाल्यातून कर्जतच्या भाताला मिळू लागलं. असल्या ठिकाणी नोकरी केलेल्या माणसाला रंग म्हणजे शोभा नसते. कारखान्यांतल्या नळांना कुठला रंग द्यायचा याचं भारतीय मानक आहे, आयएस 2379. पाण्याला समुद्री हिरवा, तेलाला फिकट तपकिरी, हवेला आकाशी. नळाला कान न लावता, झडप न उघडता, लांबून कळावं की आत काय वाहतंय.

अण्णांनी तेच फियाटच्या बोनेटखाली आणलं. रेडिएटरकडून येणाऱ्या पाण्याच्या लोखंडी नळीवर बोटभर हिरवा पट्टा. पेट्रोलच्या नळीवर तपकिरी. एअर क्लीनरच्या डब्यावर आकाशी वळसा. पंख्याच्या पात्यांची टोकं लाल, कारण चालू इंजिनात पातं दिसत नाही आणि आम्ही पोरं हात घालायला टपलेलो. मी सहावीत असताना, डोळे मिटून सांग बघू, हिरवा पट्टा कुठून निघतो आणि कुठे जातो, असं त्यांनी विचारलं होतं. मला सांगता आलं. गाडी कशी चालते हे मला पुस्तकानं नंतर शिकवलं. आधी त्या तीन रंगांनी शिकवलं होतं.

आता मी ती फियाट पुन्हा उभी केली तेव्हा तिच्या बोनेटखालचे सुटे भाग बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगला दिले. तिथे ब्रश नाही, थिनर नाही. आधी जुना रंग आणि गंज यंत्रानं उडवतात. मग भाग टांगून त्याच्यावर कोरडी पावडर फवारतात. विद्युतभारामुळे ती धातूला चारही बाजूंनी धरून बसते, आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत वितळून एकसंध होते. ओघळ नाही, ब्रशचा केस अडकलेला नाही, कोपरा सुटलेला नाही. बोल्ट दुसरीकडे झिंक प्लेटिंगला गेले आणि पिवळसर सोनेरी झाक घेऊन आले. अण्णांचे दोन हात एक पावसाळा टिकत. हे काम दहा वर्षं टिकेल, आणि ते अण्णांच्या कामापेक्षा सर्वार्थानं सरस आहे.

सगळे भाग बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आले. मी एकेक उघडत गेलो आणि एका ब्रॅकेटपाशी थांबलो. हे कुठलं, ते आठवेना. जुन्या गाडीतला माझ्या हाताखालून न गेलेला एकही तुकडा नव्हता, आणि नव्या कोऱ्या रंगातला तो तुकडा मला परका होता. डायनॅमोचं ब्रॅकेट निघालं. बसवलं तर बॅटरी चार्ज होईना. दीड दिवस शोधल्यावर कळलं की ब्रॅकेट जिथे इंजिनाला टेकतं त्या तोंडावरही पावडर बसली होती आणि तिनं अर्थिंग तोडलं होतं. रंगाखालचा धातू पॉलिश पेपरनं उघडा केला, चार्जिंग सुरू झालं. अण्णा अशा तोंडांवर रंग मारण्याआधी साबणाचा हात फिरवत. ते का, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं.

जुन्या दिवसांबद्दल बोलताना आपण सगळेच थोडं झाकून बोलतो, म्हणून काही गोष्टी इथे उघड करतो. त्या रविवारी आम्ही तोंडाला रुमालही न बांधता जुना रंग खरवडायचो. त्या काळच्या रंगांत शिसं असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांवर आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आम्ही त्याच्या पस्तीस वर्षं आधी ती धूळ फुंकरीनं उडवत होतो. हात धुवायचो पेट्रोलनं, आणि 2000 सालापर्यंत पेट्रोलमध्येही शिसं होतंच. सायलेन्सरच्या जोडाला गुंडाळलेली ॲस्बेस्टॉसची दोरी हातानं पिंजून सारखी करायचो. तीच बोटं घेऊन पोह्यांच्या बशीवर बसायचो.

आणि रॉकेलचं काय करायचो? इंजिन धुऊन काळं झालेलं रॉकेल मी डब्यानं नेऊन राजनाल्यात ओतायचो. त्या पाण्यावर मोरपिसासारखे रंग पसरत जात, आणि मला ते पाहायला फार आवडायचं. खाली कुणाच्या खाचरात ते पाणी जातंय, पुढे उल्हास नदीतून कुणाच्या हंड्यात उतरतंय, हे मला कळत नव्हतं असं नाही. कर्जत, नेरळ, बदलापूर ही सगळी गावं त्याच नदीच्या काठावर आहेत, हे भूगोलात शिकवलेलं होतं. विचार केला नाही, एवढंच खरं. आज पावडर कोटिंगमध्ये थिनर हवेत जात नाही, उडालेली पावडर पुन्हा गोळा करता येते, आणि झिंकवर पिवळी झाक आणणारं घातक क्रोमियम बदलून कमी घातक क्रोमियम वापरण्याची पद्धत आली आहे. आमचा दसरा सुंदर होता, पण नाल्याला तो महागात पडला.

आता सिल्व्हरबद्दल. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं लांबट झाकण, ते सिल्व्हरनंच रंगवायचं. तेव्हा सिल्व्हर तयार मिळत नसे. डब्यात वार्निश आणि सोबत ॲल्युमिनियमच्या पुडीची वेगळी पिशवी. पुडी आधी वाटीत घ्यायची आणि वार्निश थोडं थोडं घालत कालवायचं, पिठल्यासाठी बेसन कालवतात तसं, गुठळी होऊ न देता. लागेल तेवढंच कालवायचं, कारण कालवून ठेवलेलं सिल्व्हर तेज गमावतं. ॲल्युमिनियमचे कण खवल्यांसारखे चपटे असतात. रंग ओला असताना ते तरंगून वर येतात आणि एकमेकांवर आडवे होतात. ब्रशचा शेवटचा हात एका दमात, एकाच दिशेनं, मागून पुढे. मधे थांबलात तर तिथे कायमची सावली राहते. अण्णा तो हात मारताना श्वास रोखत, आणि आम्हीही नकळत रोखायचो. झाकण फुटभर लांबीचं, पण त्या एका हाताला फार वेळ लागतोय असं वाटायचं.

मग वाळवणं. दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस असतो. ड्यूकोचा रंग दमट हवेत मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्याच्यावर धरतो आणि रंगावर पांढुरकी साय येते. त्यावर उपाय म्हणजे पडवीत दोरी बांधायची, झाकणं कपड्यांसारखी टांगायची आणि मधोमध दोनशेचा दिवा पेटवून ठेवायचा. रात्री जेवायला बसलो की दाराच्या फटीतून तो पिवळा उजेड आणि थिनरचा वास दोन्ही घरात येत. आई वरणभात वाढताना पदर नाकाला लावायची. बोटाच्या मागच्या बाजूनं, नखाशेजारी, हलकेच स्पर्श करून रंग वाळला का ते पाहायचं. बोटाच्या पेरानं बघितलं तर ठसा उमटतो. झोपण्याआधी प्रत्येकानं एकदा तरी जाऊन बघितलेलं असायचं.

प्रत्येकानं म्हणजे आम्हा दोघा भावांनी. बहिणीच्या हातात ब्रश कधी दिला गेला नाही. तिनं चिंध्या फाडून दिल्या, चहा आणून दिला, दसऱ्याच्या सकाळी गाडीपुढे रांगोळी काढली. तिचा हात आम्हा दोघांपेक्षा स्थिर होता, हे त्या रांगोळीच्या रेषांवरून दिसत होतं, पण कुणाला ते दिसलं नाही. गेल्या वर्षी मी तिला हे बोललो. तिनं सांगितलं, की डोळे मिटून हिरवा पट्टा कुठे जातो ते तिलाही पाठ होतं. तिला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आज माझी मुलगी नाकाला गाळणीचा मास्क, हातात निळे मोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून काम करते. मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, तिनं सहाशे अंशांपर्यंत टिकणारा सिलिकॉनचा रंग आणला आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे तो टप्प्याटप्प्यानं तापवून पक्का केला. मी तिच्या वयाचा असताना त्याच मॅनिफोल्डला हौसेनं ब्लॅक जपान फासलं होतं. दसऱ्याला कर्जतला सोनं द्यायला निघालो आणि वाटेत बोनेटमधून काळा धूर निघाला. अण्णांनी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, शांतपणे उतरले, आणि जळून पोपडे आलेला रंग मला दाखवला. ओरडले नाहीत. ब्लॅक जपान कुठे चालतं आणि कुठे नाही, हे मग मला कधी विचारावं लागलं नाही. मुलीला तो धूर कधी दिसणार नाही, आणि ते चांगलंच आहे. तरी तिनं डब्यावरच्या सूचना वाचताना मी गप्प उभा होतो, सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि ते मला लागलं.

खोपोलीहून बोरघाट चढताना फियाटचं पेट्रोल पंपातच तापून वाफ व्हायचं आणि गाडी मुकाट उभी राहायची. म्हणून निघण्याआधी त्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं, शिंगरोबाच्या देवळापाशी एक नाणं टाकायचं आणि फडकं पुन्हा भिजवून घ्यायचं. आमच्या गाडीत त्या फडक्यासाठी ठरलेली एक तांब्याची लोटी होती. आता द्रुतगती महामार्गावरून घाट कधी सुरू झाला आणि कधी संपला ते बोलण्याच्या नादात कळतही नाही. लहान मूल, म्हातारी माणसं घेऊन घाटात दोन तास तिष्ठत बसलेल्या कुणालाही विचारा, तो जुना घाट परत नको म्हणेल. लोटी मात्र मी जपून ठेवली आहे.

2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी फोनवर सगळ्यांनी एकमेकांना काळ्या-पिवळ्या गाडीचे फोटो पाठवले. त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आमची पिढी. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, पेट्रोलचा नाहीतर गॅसचा वास. आता थंडगार गाडी दारात येते आणि मीटरवरून वाद होत नाही. तरी वाईट वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

आमची फियाट आता पन्नाशीला टेकली. 2021 च्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग ती रोज रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. कर्जतच्या आसपास आता जागोजागी फार्महाउस झाली आहेत, आणि शनिवार-रविवारी अशा एखाद्या जुन्या गाडीचं बोनेट उघडं ठेवून लोक फोटो काढताना दिसतात. इंजिन ताटासारखं लखलखीत. मी थांबून बघतो. मन लावून केलेलं काम असतं, त्याला नावं ठेवणार नाही. फक्त एक गोष्ट शोधतो: टॅपेट कव्हर कुठल्या रंगाचं आहे.

कारण अण्णांनी सिल्व्हर का निवडलं ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. काळ्या इंजिनावर गळती दिसत नाही. विकायला काढलेल्या गाडीचं इंजिन लोक काळ्या रंगानं माखतात ते त्यासाठीच. सिल्व्हरवर तेलाचा केसाएवढा ओघळही पहिल्या दिवशी दिसतो.

म्हणून बाकी सगळं बदलापूरला गेलं, टॅपेट कव्हर गेलं नाही. खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी बहीण आली होती. मुलीनं पुडी कालवली, आणि शेवटचा हात बहिणीनं मारला, मागून पुढे, न थांबता. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात तेलाची बारीक रेघ उतरलेली दिसली. कॉर्कचं पॅकिंग बसलं नव्हतं. बदललं.

तुमच्या अंगणात जुनी गाडी उभी असेल तर ट्रे, ब्रॅकेट, क्लिपा खुशाल पावडर कोटिंगला पाठवा. टेकणारी तोंडं आणि आटे तेवढे आधी झाकून द्यायला सांगा. टॅपेट कव्हर मात्र घरी ठेवा. मास्क लावा, रॉकेल नाल्यात ओतू नका, आणि घासायला घरातल्या त्या माणसाला सोबत बसवा ज्याला आजवर कुणी विचारलं नाही.